अव्वा तव्याचा डोंगर चढली तो दिवस

आमच्या स्वयंपाकघराला मागच्या बाजूला एक दार होतं, आणि त्या दारात बसलं की समोर डोंगराशिवाय दुसरं काही दिसत नसे. तव्याचा डोंगर. खालून वरपर्यंत नुसता काळा कातळ, मधेमधे करवंदीची जाळी, घायपात आणि कुठंतरी वाकडं उभं राहिलेलं बोरीचं झाड. माथ्यावर एक अख्खा सपाट खडक पसरलेला होता, उन्हाळ्यात त्याच्यावर पाय ठेववत नसे, म्हणून त्याला तवा म्हणायचे. फार उंच म्हणावा असा तो डोंगर नव्हता. आमच्या वर्गातली पोरं तासाभरात वर जाऊन येत. पण आमची अव्वा लग्न होऊन या घरात आल्यापासून पंधरा-सोळा वर्षं त्याच्याकडं तोंड करून भाकऱ्या थापत होती, आणि त्याच्यावर कधी चढली नव्हती. तिला कुणी चढ म्हटलं नव्हतं आणि चढू नको असंही म्हटलं नव्हतं. भाकऱ्या, दोन म्हशी, शेतातली भांगलण-खुरपण आणि वडगावचा बाजार यांच्यामध्ये डोंगराला जागाच नव्हती.

गल्लीतली सगळी पोरं आईला आई म्हणत. मी एकटी अव्वा म्हणायची. माझी आई कुरुंदवाडच्या पलीकडची, नदी ओलांडून गेल्यावर जिथं दुकानाच्या पाट्या कानडी व्हायला लागतात त्या बाजूची. घरात मराठीच बोलायची, तीही आमच्या इकडची, मोठ्यानं आणि तोडून. पण म्हैस दूध देताना अडायला लागली की अव्वा तिच्याशी कानडीत बोलायची. लहानपणी मला वाटायचं, कानडी ही म्हशींचीच भाषा असावी. अप्पा, म्हणजे माझे वडील, ओसरीवरून ओरडायचे, "तिला मराठी शिकीव की जरा, उद्या इकली तर गिऱ्हाईक काय करंल?" हा त्यांचा ठरलेला विनोद होता. अव्वा त्यावर हसायची, पण उत्तर द्यायची नाही.

घरात एक गोष्ट मात्र कुणी बोलत नसे, ती म्हणजे अव्वाचं माहेर. मला ती गोष्ट शेजारच्या गौराक्काकडून तुकड्यातुकड्यांनी कळली. अव्वाच्या धाकट्या भावाचं, माझ्या मामाचं लग्न होतं. अप्पा त्या घरचे थोरले जावई. आमची एस.टी. इचलकरंजीच्या अलीकडं बंद पडली, दुसरी गाडी मिळेपर्यंत दुपार झाली, आणि आम्ही मांडवात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. थोरल्या जावयाची वाट न बघता अक्षता टाकल्या म्हणून अप्पांचं तोंड उतरलंच होतं, त्यात मामा घाईघाईत चारचौघांत बोलून गेला, "दाजी, येळंला यायचं असतंय." बास, एवढंच. अप्पा ताटावर न बसता तसेच माघारी फिरले. मी तेव्हा पाच वर्षांची होते. मला त्यातलं एवढंच आठवतं की माझ्या हातात अर्धा बुंदीचा लाडू होता आणि कुणीतरी मला ओढत होतं. घरी आल्यावर अप्पांनी सांगितलं, आता या घरातल्या कुणी त्या घराची पायरी चढायची नाही. ते सांगून नऊ वर्षं झाली होती. मामाही तसाच. तोही बोलवायला आला नाही.

आज माझी पन्नाशी जवळ आली आहे आणि मी पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते. एका वाक्यासाठी नऊ वर्षं, हे माझ्या मुलाला खरं वाटत नाही. तो म्हणतो, एक फोन करायचा ना. मी त्याला सांगते, अरे, फोन सबंध गावात एक होता आणि तो दूध डेअरीत होता. पण फोन घरात असता तरी अप्पांनी तो उचलला नसता, हे मला माहीत आहे.

मी आठवीत होते. दिवाळी होऊन गेली होती, ऊसतोड सुरू झाली होती आणि गुऱ्हाळांमुळं सगळ्या शिवाराला काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास येत होता. शाळेनं आमचं वनभोजन तव्याच्या डोंगरावर काढलं. सगळ्यांनी आपापल्या भाकऱ्या आणल्या आणि एकमेकांच्या खाल्ल्या. जेवण झाल्यावर आमच्या सरांनी आम्हाला खडकाच्या कडेला उभं केलं आणि हात लांब करून एकेक दाखवत गेले. ह्यो हिकडं वडगाव, ती धूर ओकतीया ती कारखान्याची चिमणी, आणि ते अगदी लांब, आभाळाला टेकल्यागत चकाकतंय ते नदीचं पाणी, कुरुंदवाडच्या अंगाचं. मला खरंतर त्या दिवशी धड काही दिसलं नाही, पण सगळ्यांनी दिसलं दिसलं म्हटलं म्हणून मीही म्हटलं.

संध्याकाळी चुलीपुढं बसून मी हे सगळं अव्वाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. जोंधळ्याची भाकरी ती परातीत न बघता थापायची, थप थप थप, एका लयीत, आणि तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. तो आवाज थांबला.

"कुरुंदवाडचं पाणी दिसतंय?" ती म्हणाली.

"व्हय की. सरांनी दावलं."

"कुठल्या अंगाला?"

मी हातानं दाखवलं. तिनं त्या भिंतीकडं बघितलं, जणू भिंतीतून दिसणार होतं. मग भाकरी तव्यात टाकली, पण पाणी फिरवायला विसरली आणि ती भाकरी फुगली नाही. पुढच्या दोन-तीन दिवसांत तिनं मला तेच सात-आठ वेळा विचारलं. सकाळी दिसतं की दुपारी? पाणीच दिसतं की पलीकडची गावंपण? देवळाचं शिखर पांढरं असलं तर ओळखू येईल का? तिच्या माहेरच्या देवळाचं शिखर पांढरं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्याच आठवड्यात ती वडगावच्या बाजारातून आली ती गप्पच. पिशवीतल्या मिरच्या, वांगी तशीच ठेवून मागच्या दारात बसली. बाजारात तिला तिच्या माहेरच्या गल्लीतली एक बाई भेटली होती. रात्री अप्पांना वाढताना ती म्हणाली, "आई लई थकलीया म्हणं माझी."

अप्पांनी मान वर केली नाही. "म्हाताऱ्या माणसानं थकायचं न्हाई तर काय करायचं?" ते म्हणाले, आणि आमटी मागितली. अप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांनी अव्वावर कधी हात उगारला नाही, मला शाळेतून काढायची गोष्ट कधी काढली नाही. पण एकदा बोललेला शब्द ते गळ्यात बांधल्यासारखा वागवत. तो त्यांना स्वतःलाही सोडवता येत नसावा, असं मला आता वाटतं. तेव्हा मला फक्त त्यांचा राग आला.

दोन दिवसांनी अप्पा रेडकू दाखवायला दुसऱ्या गावच्या जनावरांच्या डॉक्टरकडं गेले. शाळेला सुट्टी होती. अव्वानं म्हशींना वैरण टाकली, घराला कुलूप घातलं आणि एका फडक्यात चार भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, खर्डा आणि कांदा बांधून मला म्हणाली, "चल. मी बी येतो डोंगराव."

आमच्याकडं बायकाही येतो, जातो असंच म्हणतात. पुण्यात आल्यावर मी तसं बोलले की कॉलेजातल्या मुली हसायच्या, मग मी सोडलं. पण अव्वाचं बोलणं मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं लिहिता येत नाही.

गावात कुणी बघू नये म्हणून आम्ही ओढ्याच्या बाजूनं गेलो. मला वाटलं होतं, मी पुढं आणि अव्वा धापा टाकत मागं असं होईल. झालं उलटंच. तिनं पदर कमरेला खोचला, चपला काढून फडक्याबरोबर काखेत मारल्या आणि अनवाणीच कातळावर चढायला लागली. निम्म्यावर एक पुरुषभर उंचीचा सरळ खडक होता, त्याला घोरपडीचा कडा म्हणायचे. वनभोजनाच्या दिवशी सरांनी मुलींना तिथं वळसा घालून नेलं होतं. अव्वानं वळशाकडं बघितलंही नाही. खाचेत पायाची बोटं रुतवली, वरच्या बोरीचं मूळ धरलं आणि वर. वरून वाकून मला हात दिला. तिच्या अंगाला घाम, चुलीचा धूर आणि म्हशीच्या दुधाचा वास येत होता. तिच्या लुगड्याला कुसळं चिकटली होती आणि ती हसत होती. "आमच्या गावच्या नदीच्या दरडी असल्याच," ती म्हणाली. "मी आनि तुझा मामा उड्या टाकायचो वरनं." ती नदीत उड्या टाकायची! मी तिला कधी पळतानासुद्धा पाहिलं नव्हतं.

माथ्यावर पोचलो तर सगळीकडं धुरकट. गुऱ्हाळांचा धूर आणि सकाळचं धुकं मिसळून खाली दुधाळ पाण्यासारखं साचलं होतं. वडगावही धड दिसत नव्हतं. मला अपराधी वाटायला लागलं. अव्वा मात्र शांतपणे खडकावर बसली, फडकं सोडलं आणि म्हणाली, "बसू की. आज कुठं गडबड हाय?" हे वाक्यही मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आम्ही भाकरी खाल्ली. वारा होता. खालून गिरणीचा पुकपुक आवाज येत होता, कुणाच्या तरी विहिरीवरचं इंजिन चालू होतं, आणि एवढ्या वरून आपल्याच गावाचे आवाज ऐकताना ते गाव दुसऱ्या कुणाचंतरी असल्यासारखं वाटत होतं. खर्ड्यानं माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. तशी भाकरी मी पुन्हा खाल्ली नाही. तीच मिरची, तेच दाणे, तोच पाटा आणून करून पाहिलं. होत नाही.

ऊन चढलं तसं धुरकं वितळत गेलं. आधी चिमणी दिसली, मग उसाचे हिरवे पट्टे, मग त्यांच्याही पलीकडं, जिथं काही नसावं असं वाटत होतं तिथं, एक पांढरी रेघ. सुईएवढी. हलत होती. या वेळी ती मला खरोखर दिसली.

"अव्वा, ते बघ, ते!"

ती उठली. कडेपाशी गेली. कपाळावर हात धरून खूप वेळ बघत राहिली. देऊळ दिसणं शक्यच नव्हतं, माणसं तर सोडाच, पण ती शोधत होती हे तिच्या मानेवरून कळत होतं. आणि मग तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तशी हाक मारली, "अव्वाऽऽ!"

मी चौदा वर्षांची होते. तो शब्द माझा होता. मी तिला मारायची ती हाक होती. या बाईलाही आई आहे, तिलाही कुणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवावंसं वाटत असेल, हे माझ्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं. ती रडली नाही. पुन्हा एकदा हाक मारली, पहिल्यापेक्षा हळू. मग वळून म्हणाली, "चल. म्हशी वरडत असतील."

उतरताना ती बहुधा पायाखाली बघत नव्हती. घोरपडीच्या कड्याच्या खाली मुरमाड उतार लागला, तिथं तिचा पाय सटकला. पडली ती बसल्या जागी, पण उठेना. घोटा बघता बघता कणगराच्या कंदासारखा सुजला. मी तिचा हात खांद्यावर घेऊन चालवायचा प्रयत्न केला, चार पावलांवर ती खाली बसली आणि ओठ दाबून धरले. मी म्हटलं, मी गावातनं कुणालातरी आणते. ती म्हणाली, "थांब. आदी काय सांगायचं ते ठरवूया." मी लगेच म्हटलं, गवत आणायला गेलो होतो असं सांगू. ती म्हणाली, "इळा कुठं हाय?" ते खरं होतं. विळा नव्हता.

तेवढ्यात खालून हाक आली. "सुमेऽऽ!"

अप्पा होते. ते लवकर परत आले होते. घराला कुलूप, म्हशी ओरडतायत, आणि गौराक्कानं सांगितलं की मायलेकी डोंगराच्या बाजूला जाताना दिसल्या. ते जवळजवळ पळतच वर आले. आम्हाला बघितल्यावर आधी त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, मग लगेच राग.

"घर वाऱ्याव सोडून हितं काय कराय लागलाय?"

"डोंगराव गेलतो," अव्वा म्हणाली.

"ते दिसतंय की. खरं कशाला?"

मी गवत म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. अव्वानं माझ्या आधी, खाली न बघता, सरळ त्यांच्याकडं बघत सांगितलं, "माझी आई दिसती का बघाय गेलतो."

अप्पा उभे राहिले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ते तो पुसत नव्हते. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी विचारलं, "दिसली?"

"पाणी दिसलं," अव्वा म्हणाली.

अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, खाली बसून तिच्या घोट्याला आवळून बांधला. नंतर तिच्याकडं पाठ करून उकिडवे बसले. "बस."

"पाटकुळी? गावातनं? लोकं बघतील की."

"बघू देत. बस म्हटलं न्हवं."

असे आम्ही गावात आलो. मी पुढं अव्वाच्या चपला घेऊन, मागं अप्पा आणि त्यांच्या पाठीवर अव्वा, पदरानं पूर्ण तोंड झाकून. पारावर माणसं होती. कुणीतरी हसलं. एकजण म्हणाला, "काय शिवाप्पा, ह्ये काय आनि?" चारचौघांतल्या एका वाक्यासाठी नऊ वर्षं तुटलेले माझे वडील न थांबता म्हणाले, "पाय मुरगाळलाय तिचा," आणि चालत राहिले.

पाय बरा व्हायला तीन आठवडे लागले. गौराक्का रोज हळद आणि रक्तचंदन उगाळून लेप लावायची. भाकऱ्या मी करायची, त्या कधी जाड, कधी चिरलेल्या. अप्पा दोन्ही वेळा धार काढायचे, आणि म्हैस त्यांना लाथ मारायची. डोंगरावरच्या बोलण्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मी आशा सोडून दिली होती. मग एका सकाळी चूळ भरता भरता, अंगणाकडं तोंड करून त्यांनी विचारलं, "पाय टेकतोय न्हवं आता?"

"टेकतोय," आतून अव्वा म्हणाली.

"मग उद्या पयली इचलकरंजीची गाडी धरायची. सुमीला बी घे."

इतकंच. कुठं जायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि अव्वानं विचारलं नाही. त्या दिवशी तिनं शेंगाच्या पोळ्या केल्या, किती केल्या कुणास ठाऊक, डबा भरला तरी करतच होती.

तीन गाड्या बदलून आम्ही कुरुंदवाडच्या पुढं उतरलो आणि शेवटचा तुकडा चालत गेलो. पांढरं शिखर आधी दिसलं. अव्वा अजून जराशी लंगडत होती, पण इतकी भरभर चालत होती की अप्पा मागं पडले, किंवा त्यांनी स्वतःला मागं ठेवलं. मामा दारात जळण फोडत होता. त्यानं आम्हाला बघितलं आणि कुऱ्हाड तशीच ओंडक्यात ठेवली. मला वाटलं, आता दोघं काहीतरी बोलतील. मामा आत गेला, तांब्याभर पाणी घेऊन आला आणि वाकून अप्पांच्या पायावर ओतायला लागला. अप्पा म्हणाले, "असू दे, असू दे." झालं. नऊ वर्षं तिथं संपली.

आजी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. इतकी लहान झाली होती, एखाद्या मुलीएवढी. अव्वा दारातच थांबली आणि म्हणाली, "अव्वा." आजीनं तिच्याकडं बघितलं, अगदी आदरानं, अनोळखी पाहुणीकडं बघावं तसं, आणि कानडीत तिला बसायला सांगितलं. मामी हळूच म्हणाली, वर्ष झालं, माणसं ओळखत नाहीत. मग आजीची नजर माझ्यावर आली. तिचा सगळा चेहरा उजळला. "गंगी!" ती म्हणाली. गंगी हे अव्वाचं माहेरचं नाव. आजीनं मला हाताला धरून पुढ्यात बसवलं, माझी वेणी सोडली आणि फणी मागितली. ती केस विंचरत होती आणि बोलत होती, न थांबता, सगळं कानडीत. मी घाबरून अव्वाकडं बघितलं. अव्वा आमच्या शेजारी जमिनीवर बसली होती, तिचा हात आजीच्या लुगड्याच्या काठावर होता.

"हूं म्हण," ती मला म्हणाली. "तू नुसतं हूं म्हणत ऱ्हा."

मी हूं म्हणत राहिले. आजी विचारायची, अव्वा मला मराठीत सांगायची. जेवलीस का म्हणून विचारती. केस किती गळाल्यात म्हणती. मग आजीचा हात थांबला. माझी हनुवटी धरून तिनं माझं तोंड वळवलं आणि काहीतरी हळू आवाजात विचारलं.

"काय म्हणती?" मी विचारलं.

"सासरी बरी हाईस का, म्हणती."

अप्पा उंबऱ्याच्या पलीकडं बसले होते. मामाशी काहीतरी चाललं होतं त्यांचं, ते थांबलं. अव्वानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. ती आजीच्या हाताकडं बघत होती, माझ्या केसांत अडकलेल्या.

"छलो अदीनि म्हण," ती म्हणाली. "बरी हाय, म्हण." आणि मग मराठीत, आजीला ज्यातला एक शब्दही कळला नसता अशा मराठीत, ती म्हणाली, "खरं, लई उशिरा धाडलं म्हणावं."

पहिलं मी आजीला सांगितलं, जसं जमलं तसं. आजी समाधानानं हसली आणि पुन्हा केस विंचरायला लागली. दुसरं तिला सांगायचं नव्हतंच. ते ज्याला सांगायचं होतं तो माणूस उंबऱ्यापलीकडं मान खाली घालून बसला होता, आणि मला वेणी घालून होईपर्यंत त्यानं ती वर केली नाही.